इंडक्शनचं सॉकेट सारखं जळतंय? आधी मागची वायर बघा

तक्रार बेळगावात ऐका, खानापुरात ऐका, नाहीतर निपाणीत, शब्दसुद्धा सारखेच असतात. इंडक्शन किंवा कॉइलची शेगडी लावली की पिन तापते. काही दिवसांनी सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग धरतो, मग जळक्या प्लास्टिकचा वास सुटतो आणि शेवटी पिन आत चिकटून बसते. वायरमन येऊन नवं सॉकेट बसवून जातो. दिवाळीला बसवलेलं सॉकेट शिमग्यापर्यंत टिकत नाही. मग कंपनी बदलतात, दुप्पट किमतीचं आणतात, आणि तेही जातं.

सॉकेटवर पैसे घालणं इथंच थांबवा. जळताना दिसतं ते सॉकेट, पण कारण बहुतेक घरांत त्याच्या मागं असतं: वायर बारीक, जोड सैल, किंवा मूळ दिव्यांसाठी ओढलेल्या लाइनवर आता स्वयंपाक चाललाय. ते शोधायचं कसं आणि नवी वायर घ्यायची तर कुठली, ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. वास आला असेल, डाग पडला असेल, तर आजपासून तिथं शेगडी लावू नका, "तेवढा भात होऊ दे" म्हणूनसुद्धा नाही. पीव्हीसीचं आवरण एकदा करपलं की ते आतून ठिसूळ होतं आणि पुढचं शॉर्टसर्किट कधी होईल याचा नेम राहत नाही. बोर्ड उघडायचा तर मेन स्विच खाली पाडून, टेस्टरनं खात्री करून. नवी लाइन ओढायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काय करून घ्यायचं हे मात्र तुम्हाला माहीत असलं पाहिजे, नाहीतर पुन्हा सॉकेटच बदललं जाईल.

शेगडीच्या पोटाखालचा आकडा

शेगडी उलटी करा. खाली चिकटवलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. ७०० वॅटचा राईस कुकर ३ अँपिअर घेतो. २००० वॅटचं इंडक्शन किंवा कॉइल ८.७ घेते. ओट्यात बसवायचे दोन बर्नरचे हॉब ३५०० वॅटच्या आसपास असतात, म्हणजे १५ अँपिअर, आणि चार बर्नरचे ७००० वॅटपर्यंत जातात, म्हणजे ३० अँपिअर.

हे गणित व्होल्टेज पूर्ण असताना. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज बसतं. साधी कॉइल अशा वेळी कमी करंट घेते आणि कमीच तापते. पण जे इंडक्शन आपली पॉवर धरून ठेवतं, ते १९० व्होल्टवर तेवढ्याच कामाला साडेदहा अँपिअर ओढतं. सकाळी न तापणारी पिन संध्याकाळी का तापते, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

आता कुणी म्हणेल, ८.७ अँपिअर म्हणजे काही फार नाही, दीड एमएमची (म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ दीड स्क्वेअर एमएम) वायर ते सहज नेते. खरं आहे. पण त्या वायरीवर एकटं इंडक्शन असतं का ते बघा. जुन्या घरात स्वयंपाकघराची लाइन एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप करत नेलेली असते. त्याच वायरीवर फ्रीज, मिक्सर, ग्राइंडर, आणि पलीकडं न्हाणीघरात बंबाच्या जागी आलेला गीझर. सणाच्या सकाळी इंडक्शनवर आमटी, कुकरात भात, ग्राइंडरमध्ये आंबोळीचं पीठ आणि गीझर चालू, असं झालं की करंट वीस अँपिअरच्या वर जातो. आणि भिंतीतली वायर पुष्कळ घरांत दीड एमएमचीही नसते. दिव्यांसाठी घातलेल्या एक एमएमच्या वायरीलाच पुढं कुणीतरी १६ अँपिअरचं सॉकेट लावून दिलेलं असतं. बाहेरून सॉकेट मोठं दिसतं आणि घरातल्यांची समजूत होते की पॉवर पॉइंट आहे.

नेमकं कुठं तापतंय?

सगळ्या तपासणीत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथं घाई करू नका. जिथं डाग नाही, वास नाही, नुसतं गरम लागतं, अशा पॉइंटवर शेगडी अर्धा तास पूर्ण पॉवरवर चालवा. मग मेन स्विच पाडा, पिन काढा आणि लगेच हात लावून बघा.

एकच पिन चटका देण्याइतकी तापली आणि दुसरी कोमट असेल, तर त्या बाजूची सॉकेटमधली पितळी पकड सैल झालीय. इथं मात्र दोष खरोखर सॉकेटचा. पिन आत घातल्यावर हलत असेल, स्वतःच्या वजनानं खाली झुकत असेल, तर सॉकेट बदला आणि पिनेवर काळं चढलं असेल तर पिनसुद्धा बदला. नव्या सॉकेटात जुनी काळी पिन घातली की पंधरवड्यात नव्याची पकडही काळी होते.

पिना दोन्ही बऱ्या, पण बोर्ड उघडल्यावर मागच्या स्क्रूपाशी वायरीचं आवरण करपलेलं, आणि वीतभर मागं वायर अगदी थंड, तर दोष त्या जोडात आहे. एखाद्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला तर ८.७ अँपिअरला तिथं साडेसात वॅट उष्णता तयार होते आणि १५ अँपिअरला साडेबावीस. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत साडेबावीस वॅट साठले तर प्लास्टिक टिकायचं कसं? करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून मिक्सरला वर्षानुवर्षं चाललेला जोड इंडक्शनला महिनाभरात दगा देतो.

असे जोड का सैल पडतात, याची कारणं आमच्याकडं ठरलेली आहेत. वायर टर्मिनलच्या भोकात बसत नाही म्हणून चार-पाच तारा कापून टाकतात, मग उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. एकाच स्क्रूखाली तीन-तीन वायरी दाबतात. जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळतात. हा जोड सगळ्यांत घातकी, कारण अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं आणि त्याच्यावर चढणारा थर वीज नेत नाही. त्यात आमचा पाऊस. कणकुंबी, जांबोटीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर भिंत कोरडी म्हणून नसते. बोर्डात दमट हवा शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो. म्हणूनच तिकडं श्रावण-भाद्रपदात या तक्रारी वाढतात.

तिसरी खूण: जोड घट्ट, पिना चांगल्या, पण बोर्डात शिरणारी वायर हातभर लांबीपर्यंत सारखीच गरम लागते. मग वायर बारीक आहे यात शंका नाही. १५ अँपिअरला दीड एमएमची वायर मीटरमागं तीन वॅट उष्णता सोडते, अडीच एमएमची पावणेदोन आणि चार एमएमची एकाच्या जरा वर. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) अशा दोन्ही वायरींची उष्णता एकाच पाइपात, एकाच भिंतीत कोंडते. इथं स्क्रू आवळून काही होणार नाही, नवी लाइनच ओढावी लागते.

शेगडी चालू करताच दिवे मंद होतात, तेव्हा कुठले दिवे ते बघा. फक्त स्वयंपाकघरातले मंद झाले तर दोष त्या लाइनीत. सगळ्या घरातले झाले तर मीटरपासूनच्या मेन वायरीत किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीत. आणि घरात थ्री फेज असेल, शहापूर-वडगावकडं मागाच्या घरांत असतं तसं, आणि काही दिवे मंद तर काही एकदम प्रखर झाले, तर न्यूट्रल सुटतोय. क्षणाचाही विचार न करता मेन पाडा आणि हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला, कळवा. त्या अवस्थेत फ्रीज, टीव्ही सगळं जळून जातं, आणि माणसालाही धोका असतो.

वायर कुठली घ्यायची

दुकानात अजून दोन भाषा चालतात. नवीन माल स्क्वेअर एमएमवर मिळतो, पण जुने वायरमन तीन-बावीस, सात-बावीस, सात-वीस असंच बोलतात. पहिला आकडा तारा किती, दुसरा त्यांचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर. तीन-बावीस म्हणजे साधारण एक एमएमची वायर, सात-बावीस म्हणजे अडीचच्या जरा वर, सात-वीस म्हणजे चारच्या वर. घरात जुनं फिटिंग असेल तर ही ओळख उपयोगी पडते, कारण भिंतीतून तीन-बावीस निघाली की पुढचा निर्णय तिथंच होतो.

पाइपातून एकच सर्किट नेलं तर तांब्याच्या पीव्हीसी वायरीची कुवत ढोबळमानानं अशी धरा: एक एमएमला ११ अँपिअर, दीडला १४, अडीचला १९, चारला २६, सहाला ३३. कंपनीगणिक एक-दोन अँपिअरचा फरक पडेल. त्याच पाइपात आणखी दोन-तीन लाइनी कोंबल्या, किंवा पाइप एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालून गेला, तर ही कुवत चांगलीच उतरते. साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच टिकतं आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात सुरुवातच चाळिसाच्या वर होते.

माझं सांगणं असं. २००० वॅटच्या एका इंडक्शनला किंवा कॉइलला मीटरच्या बोर्डापासून थेट, मध्ये कुठंही जोड न देता, अडीच एमएमची स्वतंत्र लाइन ओढा. त्याच पॉइंटवर राईस कुकर, ओटीजी असं काही येणार असेल किंवा अंतर लांब असेल तर चार एमएम. दोन बर्नरच्या हॉबला चार, चार बर्नरच्या हॉबला सहा. हॉबला पिन लावून सॉकेटात खुपसू नका, त्याला ओट्याजवळ हाताशी येईल असा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच लावून कायमची जोडणी करा. हॉबसोबत कंपनी जी जोडणीची आकृती देते ती वायरमनच्या हातात द्या. स्विचपासून हॉबपर्यंतची वायर हॉबच्या तळाला टेकता कामा नये, तिथं उष्णता सतत असते. मल्टिस्ट्रँड (पुष्कळ बारीक तारांच्या) वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून मगच स्क्रूखाली घ्या, म्हणजे तारा कापायची वेळ येत नाही.

अंतराचा मुद्दा आमच्या घरांत फार मोठा आहे. शहापूर, अनगोळ, वडगावकडची जुनी घरं रुंदीला कमी आणि आत लांबच लांब. मीटर पुढं सोप्यात, मग माजघर, आणि स्वयंपाकघर पार मागं. वर पाइप चढतो, उतरतो, वळतो, आणि बघता बघता २५ मीटर होतात. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर ५० मीटर. एवढ्या अंतरावर १५ अँपिअर नेताना एक एमएमच्या वायरीत चौदा-साडेचौदा व्होल्ट गळतात. अडीचमध्ये सहा, चारमध्ये पावणेचार. आधीच संध्याकाळी बसलेल्या व्होल्टेजमधून आणखी चौदा गेले तर इंडक्शन एरर दाखवून बंद पडणारच. म्हणून लांब घरात एक पायरी वरची वायर घ्या, आणि चार बर्नरचा हॉब एवढ्या आत बसवायचा असेल तर सहाच्या जागी दहाचा विचार करा.

इंटरनेटवर इंग्लंडमधले कुकर-वायरिंगचे व्हिडिओ पाहून पुष्कळजण हिशोब मांडतात, त्याबद्दल लिहिणं गरजेचं वाटतं. तिकडं घरगुती कुकरचा पूर्ण करंट धरत नाहीत. पहिले १० अँपिअर पूर्ण, उरलेल्याचे ३० टक्के, आणि कुकरच्या स्विचसोबत सॉकेट असेल तर वर ५. त्यांच्या मोठ्या कुकरमध्ये ओव्हन, ग्रिल आणि चार शेगड्या एकत्र असतात, आणि सगळं एका वेळी सतत पेटत नाही, म्हणून तो नियम त्यांच्याकडं चालतो. आपल्याकडं हॉबच्या दोन्ही बर्नरवर लग्नघरासारखा तासभर स्वयंपाक चालतो, पाइपात गर्दी असते, उन्हाळा असा असतो. इथं पट्टीवरचा पूर्ण आकडाच धरा. वायरीत वाचलेले पैसे पुढं भिंत फोडण्यात जातात.

वायरीचं बंडल हातात घेऊन बघा

वायरीवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा आकडा छापलेला हवा. तेवढ्यावरही थांबू नका. घरगुती वायरीचं बंडल बहुधा ९० मीटरचं असतं. अडीच एमएमच्या अशा बंडलात नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास भरतं, चार एमएममध्ये सव्वातीन किलोच्या आसपास. वरचं प्लास्टिक वेगळं. तेव्हा अडीचचं आख्खं बंडल तराजूवर दोन किलोच्या आत आलं तर दुकानदाराला परत करा, भाव कितीही कमी असू दे. आत एकतर वायर बारीक आहे, किंवा लांबी कमी, किंवा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मुलामा ओळखायचा तर एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ते तांबं नव्हे. उलट वरून पांढरी आणि खरवडल्यावर लाल निघणारी तार म्हणजे कथील चढवलेलं तांबं, त्याला हरकत नाही.

फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी वायर घ्या. उरलीसुरली वायर संपवायची म्हणून हिरव्या वायरीतून फेज नेलेला मी बघितलाय, आणि पुढं तो बोर्ड उघडणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

एमसीबी मोठा करून प्रश्न सुटत नाही

या सगळ्या प्रकरणात मला खरा राग येतो तो एका गोष्टीचा. इंडक्शन लावल्यावर १६ चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, "बत्तीसचा टाकून सोड की, परत पडायचा न्हाई." पडत नाही हे खरं. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर करंट तासभर तरी जाऊ देतो, तो तसाच बनवलेला असतो. मागं १४ अँपिअरची वायर असेल तर ती भिंतीत वितळते आणि एमसीबी शांत बसतो. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीवरून ठरतो: अडीचला १६, चारला २० किंवा २५, सहाला ३२. आणि शेवटी १६ अँपिअरचं सॉकेट असेल तर वायर चारची असली तरी एमसीबी १६ चाच राहू द्या.

सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. ओली फरशी, स्टीलची भांडी, ओले हात, आणि कॉइलच्या शेगडीवर उतू गेलेलं दूध: मुंग्या आल्यासारखं झिणझिणलं तर आरसीसीबी नसलेल्या घरात त्यापुढं काहीही होऊ शकतं. तीन पिनांतली मोठी, अर्थिंगची पिन नावाला नको. खानापूरकडं जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते आणि पाऊसकाळात बरी लागलेली अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरते. खड्ड्यात वेळोवेळी पाणी घाला आणि वायरमनकडून उन्हाळ्यातच रोध मोजून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड आणि मोठ्या पिनेला लहान करणारा कन्व्हर्टर, दोन्ही स्वयंपाकघरातून बाहेर काढा. ६ अँपिअरच्या सॉकेटात पावणेनऊ अँपिअर नेणारी ती वस्तू आहे, तिला दुसरा उपयोग नाही.

हॉब बसवत असाल तर आधी वीजबिल काढून मंजूर लोड किती किलोवॅट आहे ते बघा. दोन किलोवॅटच्या जोडणीवर सात किलोवॅटचा हॉब बसत नाही. लोड वाढवून घेण्याचा अर्ज हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात द्यावा लागतो, आणि खांबावरून येणारी वायर बदलायची का हेही तेव्हाच ठरतं. कर्नाटक सरकारची गृहज्योती ही मोफत विजेची योजना घेणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करावा. २०२३ पासून चालू झालेल्या या योजनेत तुमची मोफत युनिटं २०२२-२३ च्या सरासरीवर थोडी वाढ धरून ठरलेली आहेत. तेव्हा तुम्ही गॅसवर स्वयंपाक करत असाल तर ती सरासरी कमीच असणार. पूर्ण पॉवरवर इंडक्शन तासाला दोन युनिटं खातं. मंजूर युनिटांच्या वरची भरावी लागतात, आणि महिन्याला २०० ओलांडली की सगळं बिल.

नवी लाइन झाल्यावर वायरमनला लगेच सोडू नका. त्याच्यासमोर शेगडीवर पातेलंभर पाणी ठेवून अर्धा तास पूर्ण पॉवरवर चालवा, मेन पाडा, आणि पिन, स्विच, एमसीबीचे स्क्रू, मेनचा न्यूट्रल, सगळीकडं हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. महिन्याभरानं त्यालाच परत बोलवून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, कारण मल्टिस्ट्रँड वायर दाबाखाली बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला स्क्रू पाव आटा सैल निघतो. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच ठरवून द्या, म्हणजे तो येतो.